खुणेचं टोक

४ मार्च, मंगळवार

आणि पुस्तकाबरोबर एक ओळ लिहायला तुझी बोटं झिजली असती का? तेवीस वर्षांत तुला मला काहीतरी पाठवावंसं वाटलं आणि पाठवलंस काय, तर पोरांचं इंग्रजी शिकायचं पुस्तक. पोस्टमन म्हणाला, ताई, परदेशातून पार्सल आहे, सही करा. मी इस्त्री उभी केली, हात पुसले, गिऱ्हाईक समोर ताटकळत ठेवलं आणि कात्रीनं दोरा कापला. आत रोजच्या वापरातले शब्द आणि वाक्यं. पहिल्या पानावर सफरचंद, दुसऱ्यावर छत्री, तिसऱ्यावर हसणारं कुटुंब, सगळ्यांचे दात एकाच साच्यातले. चिठ्ठी नाही, काही नाही. पुस्तक उलटं धरून झटकून पाहिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढा तुझा.

मी एक्कावन्न वर्षांची बाई आहे. चौथीतून शाळा सुटली म्हणून अक्कलही सुटली असं नाही. छत्रीला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण ते तूच सांगितलं होतंस, लाँड्रीच्या मागच्या अंगणात, दवाखान्याच्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून.

तिकडे सगळं मशीन करतं म्हणे, तेव्हा तू विसरली असशील. मी सांगते. दवाखान्याच्या रोजच्या चाळीस चादरी. सकाळी भट्टीतून निघाल्या की दुपारपर्यंत दोरीवर, आणि तू शाळेतून आलीस की बाबा इस्त्रीवरून मान वर न करता हाक मारायचे, जोडी. दप्तर फेकून तू धावायचीस. चादरीच्या एका कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईनं इंग्रजी अक्षरांत गिऱ्हाइकाची खूण असायची, आणि बाबांचा नियम होता: खुणेचं टोक जिच्या हातात तिनं चालत यायचं, दुसरीनं पाय रोवून जागेवर उभं राहायचं. खूण वाचता यायची तुला. म्हणून चालायचीस तू, उभी राहायचे मी. चार पावलं टाकून तू माझ्यापर्यंत यायचीस, तुझे कोपरे माझ्या हातात द्यायचीस, वाकून खालची घडी उचलायचीस आणि पुन्हा मागे.

त्या चार पावलांत तू शाळेत शिकलेलं एक वाक्य माझ्यावर सोडायचीस. हाऊ आर यू. व्हॉट इज युवर नेम. व्हेअर डू यू लिव्ह. उत्तरही तूच शिकवायचीस, आणि ते मी नीट दिलं नाही तर कोपरे सोडायची नाहीस. चादर हवेत, बाबा आतून ओरडतायत, आणि एवढीशी पोर मला म्हणते, आधी म्हण. चाळीस चादरी म्हणजे चाळीस वाक्यं. तुझ्या फ्रॉकला चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे, त्यावरूनच बाबा तुला चिमटी म्हणायला लागले. कधी आपण दुकानात असायचो, कधी स्टेशनवर, कधी डॉक्टरसमोर. ओल्या साबणाचा वास, चादरीतून गाळून येणारं ऊन, आणि तू मडमेसारखा आवाज काढून मला विचारायचीस, मॅडम, व्हेअर इज द पेन, कुठे दुखतंय? मी म्हणायचे, इन माय सिस्टर. बाबा आतून हसायचे. त्यांना एक शब्द कळायचा नाही, पण आपण हसलो की ते हसायचे.

तर मला पुस्तक पाठवू नकोस. ज्या बाईनं मोठ्या हॉटेलच्या ऑफिसात, साहेबासमोर, माझ्या तोंडावर सांगितलं की शी डझन्ट नो इंग्लिश सर, ओन्ली आय नो, तिनं तर मुळीच पाठवू नये. जागा दोन होत्या. दोघी मिळून गेलो होतो. साहेबानं मला विचारलं होतं, तुला नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. तू हॉटेलच्या चादरी-टॉवेलांच्या खात्यात लागलीस, सहा महिन्यांत त्यांनी तुला परदेशातल्या हॉटेलात धाडलं, आणि मी अजून त्याच टेबलाशी उभी आहे.

तू गेल्यावर बाबा सवयीनं जोडी म्हणून हाक मारायचे आणि मग पुन्हा इस्त्री फिरवायला लागायचे. मी चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून एकटीनं घडी घालायला शिकले. गज काही विचारत नाही, तेवढं बरं. बाबा गेले तेव्हाही तू आली नाहीस.

पुस्तक परत पाठवणार होते. पण पोस्टात रांग असते आणि मला वेळ नाही.

तुझी मोठी बहीण


२३ मार्च, रविवार

चिमटी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार. "पुस्तक मी पाठवलेलं नाही. काहीतरी घोटाळा झाला असेल. तब्येतीला जप." यापेक्षा जास्त मजकूर धुण्याच्या पावतीवर असतो. तू नाही पाठवलंस तर मग काय पुस्तकाला पाय फुटले? की पाठवलंस आणि आता लाज वाटते? जाऊ दे.

पुस्तकापायी माझं काय झालं ते ऐक. ब्याद घालवावी म्हणून एका शनिवारी दुपारी दुकान अर्धा तास बंद केलं आणि ते वाचनालयाला देऊन टाकायला गेले. तिथे मागच्या खोलीत खुर्च्या मांडून सात-आठ माणसं बसलेली. फळ्यासमोर एक म्हाताऱ्या बाई, कडक कांजी केल्यासारख्या ताठ. माझ्या हातातलं पुस्तक पाहून म्हणाल्या, या, उशीर झाला, बसा. रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीचा वर्ग. मी शिकायला आलेली नाही असं सांगणार होते, पण त्या बाई टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या. तीस वर्षं जगाला होल्ड द लाइन म्हणून थांबवण्यात गेलीत. त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. बसले.

एका बाजूला टॅक्सीवाला, दुसऱ्या बाजूला वॉचमन, पुढे नातवंडांशी बोलता यावं म्हणून आलेले एक आजोबा. टॅक्सीवाल्याला लेफ्ट येतं आणि राइट येतं, मधलं काही येत नाही. बाई एकेकाला विचारत माझ्यापर्यंत आल्या. हातात फळा पुसायचं फडकं होतं, दोन कोपऱ्यांना धरलेलं, बहुधा झटकायला निघाल्या होत्या. तशाच चालत आल्या आणि म्हणाल्या, हाऊ आर यू?

माझे दोन्ही हात वर गेले. कोपरे घ्यायला जातात तसे. आणि तोंडातून निघालं, आय ॲम फाइन, खेच.

अख्खा वर्ग हसला. टॅक्सीवाला खुर्चीवरून पडायचा राहिला. बाईंना वाटलं, खेच हे माझं आडनाव.

आठवतं ना तुला? उत्तर दिलं की मी खेच म्हणायचे आणि मग दोघी मिळून चादर ताणायचो. मी उंच, म्हणून कधी ताणायचं ते मी ठरवायचे. दर उत्तरामागे एक खेच. चाळीस वाक्यं, चाळीस खेच, वर्षानुवर्षं. ते इंग्रजीत नाही हे मला कळत होतं गं. जिभेला कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी जाणार नव्हते. गेले. बाईंनी मग खोदून खोदून पाहिलं. फडकं धरून माझ्याकडे चालत आल्या की मी घडाघडा बोलते. खुर्चीत बसून तेच विचारलं की मी दगड. आणि आणखी एक. त्या म्हणाल्या, आता तुम्ही मला विचारा, काहीही विचारा. फडकं माझ्या हातात दिलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. चिमटी, मला उत्तरं शंभर येतात, प्रश्न एकही येत नाही. प्रश्न सगळे तुझ्याकडे राहिले.

काल घरी येताना हॉटेलचं ते ऑफिस आठवलं. तेवीस वर्षांत मी ते इतकं वापरलंय की त्याला भोकं पडायला हवीत. पण त्यातली एक गोष्ट मी दर वेळी घडी करून आत सारत आले. ती आज लिहिते. साहेब टेबलामागे बसलेला. कागदातून मान वर न काढता त्यानं मला विचारलं, हाऊ आर यू. आणि तेव्हाही माझे हात वर गेले होते. रिकामे हात, साहेबासमोर, छातीइतके उंच. दारातला शिपाई हसला होता. तू माझ्या हातांकडे पाहिलंस. माझं तोंड उघडलेलं होतं. आणि मग तू बोललीस.

इतकी वर्षं मी म्हणत आले, तू माझं तोंड बंद केलंस. पण त्या तोंडातून पुढे काय येणार होतं ते त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं.

कालपासून एवढंच डोक्यात आहे. तू तेव्हाच का नाही सांगितलंस? मी विचारलं नाही म्हणून? बरोबर आहे. मला प्रश्न कुठे येत होते.

ताई


३ एप्रिल, गुरुवार

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितेय, आणि हे कुरियरनं धाडतेय, कारण काल दुपारी तुझ्या मुलीचा फोन आला.

तुला माहीत नाही. तिनं सांगू नका म्हटलंय. मी सांगणार. बहिणीबहिणींत लपवाछपवी करून काय होतं ते मी पाहिलंय.

फोन वाजला तेव्हा मी अभ्रे घडी करत होते. रिसीव्हर मान वाकडी करून धरला. पलीकडे कोवळा आवाज, सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, स्पीकिंग. टेलिफोनवाल्या बाईंची कृपा. हातात अभ्रा होता म्हणून निभावलं. बोलत होती सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला भरवतात तसं. पुस्तक तिनं पाठवलं. मावशीला थोडं इंग्रजी यावं, मग फोनवर बोलता यावं, म्हणून पाठवलं आणि महिनाभर थांबली. विसाव्या वर्षी एवढी दूरची बुद्धी. तुझ्यावर नाही गेली. माझा पत्ता आणि दुकानाचा नंबर तिला तुझ्या कपाटात मिळाला, पासपोर्टाखाली. माझं ते पत्र. बाबा गेल्याचं.

मग तिनं बाकीचं सांगितलं. मी नुसतं अगेन म्हटलं, तिनं पुन्हा सांगितलं. थ्रोट. ऑपरेशन. बारा मे, सोमवार. गळ्यातली गाठ काढायची, आणि गाठीबरोबर आवाजही जाऊ शकतो. थोडा की सगळा, ते डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. आणि तू मला लिहितेस, तब्येतीला जप.

 इंग्रजी तर सोड, आपलंही सुचेना. मग तोंडात आलं ते आपल्याच भाषेत म्हटलं, कशी आहेस गं बाळा? तिला कळेल असं वाटलंच नव्हतं. ती पोरगी ताबडतोब म्हणाली,

"मी बरी आहे, खेच."

मी बसले. अभ्र्यांच्या ढिगावर बसले. ते सगळे पुन्हा इस्त्रीला घ्यावे लागले.

म्हणजे तू तिकडे तिच्याबरोबर चादरी घडी केल्यास. घरात मशीन असताना. चार पावलं चालत गेलीस, आपल्या भाषेत विचारलंस, तिच्याकडून उत्तरं घोटून घेतलीस, आणि माझं खेच होतं तिथेच ठेवलंस. मी आणखी विचारलं. जेवलीस का? हो, पोटभर, खेच. कुठे राहतेस? आईजवळ, खेच. मग मी तिला म्हटलं, आता तू विचार.  तिलाही प्रश्न येत नाहीत. आपल्या घराण्यात प्रश्न विचारणारी तू एकटीच. मी त्यानंतर फोनवर हसत होते की काय करत होते ते तिलाच विचार.

आता माझं. ते पत्र. त्याच्यावरची तारीख तू पाहिलीच असशील, खुणा वाचणारी तू. बाबा गेले त्याला पंधरा दिवस होऊन गेल्यावर मी ते लिहिलं. पत्ता सापडत नव्हता असं लिहिलं. पत्ता इस्त्रीच्या टेबलामागे, भिंतीला, तुझ्या पाकिटासकट टाचलेला होता. बाबांनीच टाचला होता. शेवटच्या आठवड्यात ते रोज विचारायचे, चिमटीला कळवलंस का. मी हो म्हणायचे. रोज. म्हणजे तू आली नाहीस असं झालेलं नाही. मी तुला येऊ दिलं नाही. पहिल्या पत्रातली ती ओळ खोडून टाक. ती शाई पुसली जाते.

नऊ वर्षं हे कोणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगायचं होतं, तर कोणाला सांगणार.

ताई


१३ एप्रिल, रविवार

चिमटी,

तुझी मुलगी म्हणते, आईनं दोन्ही पत्रं वाचली, परत वाचली, आणि त्याच पासपोर्टाखाली ठेवली. बोलली काही नाही. बारा मेच्या आधीच गप्प बसायची सवय करतेस की काय?

तुला राग आला असेल तर तो तुझा हक्क आहे. पण मी काय केलंय ते सांगून ठेवते, म्हणजे मागून बोंब नको. पासपोर्ट माझ्याकडे होता. सहा वर्षांपूर्वी काढला. कशाला काढला ते विचारू नकोस, लोक काढतात. तुझ्या मुलीनं बोलावण्याचे कागद पाठवले. परवा शुक्रवारी टॅक्सीवाल्यानं मला व्हिसाच्या ऑफिसात नेऊन सोडलं आणि वाटभर प्रत्येक वळणाला माझ्याकडून लेफ्ट-राइट म्हणवून घेतलं. आत काच, काचेमागे साहेब, साहेबाची मान कागदात. तेवीस वर्षांनी अगदी तेच चित्र. मी पर्समधून रुमाल काढला आणि त्याचे दोन कोपरे धरले.

तिकडे कोण आहे? माय सिस्टर. शेवटचं कधी भेटलात? ट्वेंटी थ्री इयर्स. तेव्हा त्यानं मान वर काढली. व्हाय नाऊ, म्हणाला. हे आपल्या चाळीस चादरींत नव्हतं. मी रुमाल ताणला आणि म्हटलं, शी आस्क, आय आन्सर. आफ्टर ट्वेल्थ मे, शी कॅनॉट आस्क. त्याला किती कळलं कोण जाणे. माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. खेच अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. हॉटेलच्या त्या ऑफिसात गिळता आलं असतं तर आज तिकडे आपण दोघी असतो. किंवा इकडे. ते आता कोणाला कळणार.

मुलाखतीत काय, नुसती उत्तरंच लागतात. त्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

आता कामाचं बोलते. मुलगी दिवसा कॉलेजात, संध्याकाळी दुकानात कामाला. घरात तुम्ही दोघीच. ऑपरेशननंतर तू एकटी पडणार, तीही आवाजाशिवाय. नर्स विचारेल, औषधवाला विचारेल, दाराशी कोणी येईल. तुझ्यावतीनं कोण बोलणार? तू एकदा माझ्यावतीनं बोललीस, ते मी तेवीस वर्षं चघळलं. आता माझी पाळी. शी इज फाइन. शी वॉन्ट्स वॉटर. शी इज स्लीपिंग, कम टुमॉरो. बाईंनी माझ्याकडून दवाखान्यातली पन्नास वाक्यं करून घेतलीत. आजोबा डॉक्टर होतात, वॉचमन दार अडवतो, आणि मी मधे फडकं घेऊन उभी. कोणी व्हेअर इज द पेन विचारलं तर मी काय म्हणते ते तुला ठाऊकच आहे.

पण त्याच्या आधी मला तुझा आवाज ऐकायचाय. बाबांचं पत्र मिळाल्यावर तू फोन केला होतास, दोन मिनिटं, आणि त्यातलं दीड मिनिट मीच बोलले. तेवढ्यावर मला पुढचं सगळं आयुष्य काढायचं नाही. तू समोरून चालत येतेयस, चिमटे लावलेला फ्रॉक, दात पडलेले, आणि म्हणतेयस, आधी म्हण. तो आवाज अजून तोच आहे का, ते मला स्वतःच्या कानानं बघायचंय.

दवाखान्याच्या चादरी आता आपल्याकडे येत नाहीत, त्यांनी मशीन घेतलं. मी येताना एक जुनी चादर आणेन. कोपऱ्यावरची खूण अजून गेलेली नाही. आणि ती आता मला वाचता येते. बाईंनी प्रश्नही शिकवायला घेतलेत, एका वेळी एक. पहिला कुठला शिकायचा ते मीच ठरवलं आणि आठ दिवस तोच घोटतेय. इस्त्री करताना, जिना चढताना. गिऱ्हाइकं घाबरून पावती न घेता जातात.

तिकीटवाल्यानं पाच मेची जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. पंचवीस तारखेनंतर धरणार नाही म्हणाला. पत्र लिहू नकोस, तुझ्या तारा मला नकोत. फोन कर. दुकानाचा नंबर बाबांच्या वेळचाच आहे. बारा ते दोन मी टेबलाशी असते, आणि आता रोज असते.

या वेळी खुणेचं टोक माझ्या हातात आहे. तू काही करू नकोस. पाय रोवून जागेवर उभी राहा, चालत मी येते. आणि चालताना विचारते:

मे आय कम?

शुक्रवार, पंचवीस एप्रिल, दुपारी दोनच्या आत उत्तर दे. नीट दिलं नाहीस तर मी कोपरे सोडणार नाही.

ताई